खाणीचं तळं उथळ ठेवायचं कसं?

नदीकाठची वाळू-गोट्यांची खाण संपली की पंप बंद करायचे. भूजल आपोआप चढतं आणि काही महिन्यांत तळं तयार होतं, तेही फुकटात. अडचण अशी की हे तळं बहुधा चार-सहा मीटर खोल आणि काठ सरळसोट तुटलेले. तळाशी उजेड कमी पडतो, म्हणून मूळ धरणाऱ्या पाणवनस्पती विरळ. चिखलात चोच घालून खाणाऱ्या बदकांची मान तर तीस-चाळीस सेंटिमीटरच्या खाली पोचतच नाही. पाणपक्षी हवे असतील तर तळ उचलून घ्यावा लागतो, आणि हे काम पोकलेन-डंपर खाणीत असतात तेव्हाच उरकायचं. पाणी चढल्यावर त्याचाच खर्च कैक पटींनी वाढतो.

इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरमध्ये ग्रेट ऊझ नदीकाठी नीडिंगवर्थची खाण आहे. हॅन्सन कंपनीने (आताचं नाव हायडलबर्ग मटेरिअल्स) तिथून वाळू-गोटे काढत जायचं आणि संपलेला एकेक तुकडा आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेच्या हवाली करायचा, असा ‘ऊझ फेन’ प्रकल्पाचा दीर्घ मुदतीचा आराखडा आहे. क्षेत्र सुमारे ७०० हेक्टर, त्यातलं ४६० हेक्टरांच्या आसपास रीडचं रान. रीड म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या बोरूचं भावंड, दोन मीटरांहून उंच वाढणारं. एवढा खटाटोप मुख्यतः बिटर्नसाठी. आपल्याकडच्या तापस पक्ष्यांचा हा थोरला भाऊ. १९९७ साली ब्रिटनभरात त्याचे घुमणारे (विणीच्या काळात घुमल्यासारखा आवाज काढणारे) नर अवघे ११ मोजले गेले. नवी रीडची रानं उभी राहिल्यावर आता ते २००च्या वर गेले आहेत.

बिटर्न रीडच्या कडेला उभा राहून वाम आणि लहान मासे टिपतो. म्हणजे त्याला रीड हवं, पण पाण्यात उभं असलेलं. रीडच्या पट्ट्यात पाणी ५ ते ३० सेंटिमीटर, आणि त्यातून फिरणारे चर मीटर-दीड मीटर खोल. कडक थंडीत किंवा दुष्काळात मासे त्या चरांत तग धरतात. चर सरळ खणण्यापेक्षा वळणावळणाचे खणावेत. कड जितकी लांब, तितकी शिकारीची जागा जास्त. काठाचा उतार निदान १० मीटरला एक मीटर, जमल्यास २० मीटरला एक. भरावासाठी खाण उघडताना काढलेली चिकणमाती आणि निरुपयोगी थर वापरायचे. शेताची वरची सुपीक माती मात्र पाण्यापासून दूरच ठेवावी. वर्षानुवर्षांच्या खतांमुळे तिच्यात फॉस्फेट साचलेलं असतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाणी शेवाळाने हिरवं होतं.

शेजारच्या तुकड्यात खोदकाम चालू असेल तर तिथले पंप या तळ्याचंही पाणी ओढतात, कारण गोट्यांच्या थरातून पाणी सहज झिरपतं. म्हणून मधल्या बांधाच्या पोटात चिकणमातीची भिंत घालतात आणि ती तळाच्या चिकणमातीत रुतवतात. ही रुतवणी कच्ची राहिली तर बांध वरून धडधाकट दिसतो आणि तळं खालून रिकामं होत राहतं. बांधांनी वेगळ्या केलेल्या प्रत्येक कप्प्याला पाणी सोडायची स्वतंत्र मोरी हवी. साधी, खाचेत एकावर एक फळ्या बसवलेली. फळी काढली की पातळी तेवढी उतरते. लोखंडी चाकांच्या महागड्या दारांपेक्षा आम्हाला ही फळ्यांची मोरीच भरवशाची वाटते.

लागवडीचा हिशेब मोठा आहे. चौरस मीटरला चार रोपं धरली तर हेक्टरी ४०,०००. रोपं वसंतात नुसत्या ओल्या चिखलात लावायची आणि ती वाढतील तशी पातळी चढवायची. शेंडा बुडाला की रोप गुदमरून मरतं. घाईने पाणी सोडल्यामुळे सबंध कप्पा हातचा जातो, आणि लागवड फसण्याचं हे नेहमीचं कारण आहे. दुसरं कारण पक्षीच. वारकरी (चांदवे) आणि कलहंस कोवळे कोंब खुडून खातात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कलहंसांची उडायची पिसं गळतात, तेव्हा ते पोहत आणि चालत येतात. त्या काळात बुटकी जाळीही त्यांना अडवते. पहिली दोन-तीन वर्षं जाळी काढू नये. पुढे रीड जमिनीखालच्या खोडांनी स्वतःच पसरतं.

मे-जूनमध्ये वाळुंजाच्या जातीच्या झाडांचा कापूस उडतो. उघड्या ओल्या चिखलावर ते बी काही दिवसांत रुजतं. त्याच वेळी पातळी दोन-चार सेंटिमीटर वर ठेवली तर बी रुजत नाही, आणि हातभर झालेल्या रीडला तेवढ्या पाण्याची फिकीर नसते. चुकून उगवलीच, तर ही रोपं पहिल्याच वर्षी हाताने उपटून निघतात. तिसऱ्या वर्षी करवत आणावी लागते.

ब्रिटनमध्ये खाणीनंतरच्या देखभालीची नेहमीची अट पाच वर्षांची असते. शेतजमिनीला ती पुरेल, रीडच्या रानाला नाही. वाळलेली पानं-काड्या दरवर्षी साचून तळ वर येतो, पाणी आटतं आणि झुडपं घुसतात. म्हणून पाळीपाळीने एकेका भागातलं रीड हिवाळ्यात कापून, कापलेलं बाहेर काढावंच लागतं. जागेवर टाकलं तर कापण्याचा उपयोग शून्य.

सगळीकडे रीडच हवं असंही नाही. छोट्या कंठेरी चिखल्याला, जो हिवाळ्यात महाराष्ट्रातही दिसतो, अंडी घालायला उघडे गोटे लागतात. ब्रिटनमध्ये १९३८ साली त्याची पहिली वीण नोंदली गेली आणि पुढे तो खाणींच्याच आधाराने पसरला. त्याच्यासाठी गोट्यांचं एखादं बुटकं बेट राखायचं. ब्रिटनमध्ये वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, लाटा ईशान्येच्या काठावर आदळतात. म्हणून बेट नैर्ऋत्य बाजूच्या आडोशाला घ्यावं आणि पक्षी परतण्याआधी, फेब्रुवारीअखेर, त्यावरचं गवत खरवडून टाकावं.