कीवर्ड तुमचा, सर्च टर्म गिऱ्हाइकाची

नागपूरच्या सक्करदऱ्यात ओळखीचे एक कूलरवाले आहेत. मार्च लागला की दुकानासमोर लोखंडी बॉड्या रचल्या जातात आणि वाळ्याचा वास अर्ध्या गल्लीत पसरतो. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी पहिल्यांदाच गुगलवर जाहिरात दिली. पंधरा दिवसांनी भेटले ते वैतागूनच. "क्लिक तर होऊन राहिले भाऊ, पण गिऱ्हाईक कुठं आहे? दहा कीवर्ड टाकले होते, अजून पन्नास टाकू का?"

मी म्हटलं, कीवर्ड राहू द्या, आधी सर्च टर्म दाखवा.

"तेच तर दाखवून राहिलो ना!"

ते दाखवत होते कीवर्डची यादी, आणि घोळ इथंच होतो. कीवर्ड म्हणजे अमुक शोधावर जाहिरात दिसावी म्हणून तुम्ही अकाउंटमध्ये लिहून ठेवलेला शब्द. सर्च टर्म म्हणजे समोरच्यानं मोबाइलवर प्रत्यक्ष टाइप केलेली किंवा बोलून शोधलेली ओळ. कीवर्ड हा तुमचा अंदाज आहे, सर्च टर्म घडून गेलेली आहे, आणि खिशातून पैसे गेले ते तिच्यापायी.

त्यांचा एक कीवर्ड नुसता 'कूलर' होता. सर्च टर्मचा रिपोर्ट उघडला तर त्याच्याखाली 'लॅपटॉप कूलर', 'वॉटर कूलर भाड्याने', 'कूलर मोटर वाइंडिंग', 'एसी चांगला की कूलर' अशी वरात. शेवटचा माणूस एखादे वेळी दुकानात येईलही. मोटर वाइंडिंगवाला मात्र नवा कूलर घेणार नाही. त्याचा घरचा बंद पडलाय आणि बाहेर ४५ डिग्री आहे.

असं का झालं? कीवर्ड कुठलंही चिन्ह न लावता टाकला की गुगल तो ब्रॉड मॅच धरतं, म्हणजे त्याच्याशी संबंध वाटेल अशा कुठल्याही शोधावर जाहिरात दाखवायची मोकळीक. अवतरणचिन्हात टाकला तर फ्रेज मॅच: शोधात त्या कीवर्डचा अर्थ असायला हवा. चौकटी कंसात टाकला तर एक्झॅक्ट, पण नावावर जाऊ नका. एके काळी एक्झॅक्ट म्हणजे अक्षरशः तेच शब्द असत, तेव्हा कीवर्ड आणि सर्च टर्म एकच मानलं तरी चालून जायचं. २०१४ मध्ये अनेकवचनं आणि चुकीची स्पेलिंग धरणं सक्तीचं झालं, २०१८ पासून त्याच अर्थाचे शोधही त्यात आले. माझ्या मते जुन्या जाहिरातवाल्यांच्या तोंडी दोन्ही शब्द आलटून पालटून येतात ते त्या दिवसांमुळेच.

म्हणून आणखी पन्नास कीवर्ड टाकणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी ओतणं. आधी रिपोर्टातून नकोशा ओळी निवडून निगेटिव्ह कीवर्ड करायच्या, म्हणजे या शब्दांवर जाहिरात दाखवू नको असं गुगलला सांगायचं: लॅपटॉप, वाइंडिंग, भाड्याने. इथं एक फसगत आहे. साधा कीवर्ड समानार्थी शब्द आपणहून धरतो, निगेटिव्ह धरत नाही. 'दुरुस्ती' रोखलं म्हणून 'रिपेअर' थांबत नाही. दोन्ही टाका, देवनागरीत आणि रोमन लिपीतही.

मग उरलेल्या ओळी वाचायच्या, आणि खरी मजा त्यात आहे. कूलरच्या बाजूंना ज्या गवतासारख्या ताट्या लावतात, त्यांना आमच्या कूलरवाल्यांनी ऐटीत 'वुडवूल पॅड' लिहिलं होतं, कारण माल घेताना बिलावर तसंच येतं. लोक शोधत होते 'कूलर की घास'. नागपूरचं गिऱ्हाईक घरी मराठी बोलतं, बाजारात हिंदी, आणि मोबाइलवर दोन्ही रोमन अक्षरांत ठोकतं. हे घरबसल्या सुचत नाही. रिपोर्टात दिसतं, नाहीतर दुकानात फोन उचलणाऱ्या पोराला विचारलं तर तो सांगतो. अशी चालणारी ओळ रिपोर्टातूनच कीवर्ड म्हणून जोडता येते, म्हणजे कालची सर्च टर्म आजचा कीवर्ड होते. तिथून 'घास'साठी वेगळी जाहिरात, तिच्यात ताट्यांचा भाव, एवढं सरळ आहे.

रिपोर्टातली बेरीज मात्र जुळवत बसू नका. फार कमी जणांनी शोधलेल्या ओळी गुगल लपवतं. सप्टेंबर २०२० पासून हे जास्तच झालंय. थोडे क्लिक बिननावाचे राहणारच.

मार्च ते नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) हा रिपोर्ट रोज सकाळी शटर उघडल्यावर बघावा, दहा मिनिटांचं काम आहे. मृगाचा पाऊस पडला की जाहिरात थांबवा, पण त्याआधी पूर्ण हंगामाचा रिपोर्ट उतरवून ठेवा. फेब्रुवारीत कीवर्ड निवडायला बसाल तेव्हा समोर तीच यादी ठेवायची.