चौरस फुटाचा भाव, पण कुठल्या चौरस फुटाचा?

उपनगरातल्या नव्या प्रकल्पाच्या सेल्स ऑफिसात जी कॉस्ट शीट हातात ठेवली जाते, तिच्यावर सगळ्यात ठळक आकडा असतो चौरस फुटाच्या दराचा. त्याखाली फ्लोअर राइज (वरच्या मजल्याची जादा आकारणी), पार्किंग, इन्फ्रास्ट्रक्चर चार्जेस, क्लब हाउस, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स अशा बारीक ओळी. गिऱ्हाईक दरावर घासाघीस करतं आणि खालच्या ओळी सोडून देतं. खरं तर त्या कागदावर सगळ्यात जास्त वेळा बदललेली गोष्ट दरच आहे, कारण किंमत ज्याने भागून तो निघतो ते क्षेत्रफळच महाराष्ट्रात गेल्या ६० वर्षांत अनेकदा बदललं. कायद्याने एखादी गोष्ट मोजायला घेतली की किंमत न मोजलेल्या गोष्टीत सरकते, हे या काळात पुन्हा पुन्हा घडलं आहे.

मुळात चौरस फुटाने घर विकत घेणं ही आपल्याकडची जुनी रीत नाही. मुंबईत लोक चाळीत भाड्याने राहत. गावदेवीतल्या सारस्वत सोसायटीसारखे सहकारी प्रयोग १९१५ पासून झाले, पण ते सभासदांनी स्वतःसाठी बांधलेले. चित्र पालटलं ते १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने. बहुतेक जुन्या जागांचं प्रमाणभूत भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. भाडं वाढणार नाही आणि भाडेकरू निघणार नाही म्हटल्यावर भाड्याच्या इमारती कोण बांधणार? जुन्या इमारतींत पागडी रुळली, आणि नवं बांधणारे ‘ओनरशिप’कडे वळले: गाळा विकायचा, पैसे आगाऊ घ्यायचे आणि त्याच पैशांतून इमारत उभी करायची.

या धंद्याला वेसण घालायला १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, आला. किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी लेखी करार, सोसायटी स्थापन करून देणं, जमिनीचं अभिहस्तांतरण ही बिल्डरची बंधनं त्यातली. करारात सदनिकेचं चटई क्षेत्र लिहायचं आणि बाल्कनीचं क्षेत्र त्यात धरून वेगळं दाखवायचं, असंही त्यात होतं. व्याख्या होती, पण दर तिच्यावरच लावायचा हे कुठे म्हटलेलं नव्हतं. (आपल्या भाषेनेही इथे थोडा घोळ घातला आहे. कार्पेट एरिया म्हणजेही चटई क्षेत्र आणि एफएसआय म्हणजेही चटई क्षेत्र निर्देशांक. पहिलं घराच्या आतलं, दुसरं प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण.)

पुढे १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. बृहन्मुंबईत रिकाम्या जमिनीची मर्यादा होती ५०० चौरस मीटर. मोठे भूखंड सूट आणि वाद यांत अडकले, आणि बांधकाम वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, पनवेल अशा बाहेरच्या पट्ट्यात पसरलं. महाराष्ट्राने तो कायदा २००७ च्या अखेरीस सोडला. त्यात एफएसआयची टंचाई. १९९१ च्या नियमावलीत मूळ निर्देशांक मुंबई शहराला १.३३ आणि उपनगरांना १. मंजूर क्षेत्र वाढवता येत नसेल तर विकायचं क्षेत्र वाढवायचं, या गरजेतून ‘सुपर बिल्टअप’ फोफावलं. घराच्या आतल्या क्षेत्रात बाहेरच्या भिंती मिळवल्या की बिल्टअप. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, कुठे कुठे पंपरूम आणि वॉचमनची केबिन यांचा वाटा मिळवला की सुपर बिल्टअप. या फुगवट्याला बाजारात ‘लोडिंग’ म्हणतात. ते किती असावं याला कायद्याचा आधार नव्हता.

आतून ६०० चौरस फुटांचं घर घ्या. एका प्रकल्पात ३५ टक्के लोडिंग आणि दर ५,००० रुपये: विक्रीचं क्षेत्र ८१०, किंमत ४०.५० लाख. शेजारच्या प्रकल्पात लोडिंग २५ टक्के, दर ५,३००: क्षेत्र ७५०, किंमत ३९.७५ लाख. दर ३०० रुपयांनी ‘महाग’ असलेलं घर ७५,००० रुपयांनी स्वस्त. आणखी एक खोच आहे. ‘८०० सुपर, लोडिंग ३० टक्के’ यावरून कार्पेट किती? लोडिंग आतल्या क्षेत्रावर चढवलं असेल तर ८०० भागिले १.३, म्हणजे ६१५. एकूण क्षेत्रातून वजा करायचं असेल तर ५६०. बोलताना दोन्ही पद्धती सर्रास वापरल्या जात, आणि ५५ चौरस फूट म्हणजे एक अख्खं स्वयंपाकघर.

दुसरी पळवाट नकाशात होती. फ्लॉवर बेड, ड्राय बाल्कनी, व्हॉइड, खिडकीखालचा कोनाडा ही कामं एफएसआयमध्ये मोजली जात नसत. म्हणून ती मंजूर व्हायची, विकलीही जायची, आणि ताबा मिळाल्यावर फ्लॉवर बेडची भिंत पाडून हॉल दोन-अडीच फुटांनी वाढायचा. जुन्या इमारतीतलं घर घेताना मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष जागा जुळत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. बँकेचा मूल्यांकन करणारा त्या वाढीव जागेला शून्य धरतो. मुंबईत जानेवारी २०१२ पासून ही सगळी जागा एफएसआयमध्ये मोजायला सुरुवात झाली आणि बदल्यात निवासी बांधकामाला ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा, एफएसआय प्रीमियम भरून मिळू लागला. मुंबईबाहेरच्या बहुतांश राज्यात डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीने तसंच केलं: बाल्कनी धरून सगळं बांधकाम मोजायचं आणि निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी, म्हणजे पूरक, एफएसआय प्रीमियम भरून घ्यायचा. पूर्वी फुकट मिळणाऱ्या बाल्कनीला आता सरकारी प्रीमियम पडतो, आणि तो दरात येतो.

विक्रीच्या बाजूने पहिला धक्का २००८ च्या मोफा दुरुस्तीचा: सदनिकेची किंमत चटई क्षेत्रावरच लावायची. कागदावर ते झालंही. करारात कार्पेट आणि ब्रोकरच्या तोंडी सुपर बिल्टअप, असा दुहेरी संसार पुढची काही वर्षं सुखाने चालला. ऑगस्ट २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात ठरवलं की स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग ही स्वतंत्र सदनिका नाही, बिल्डरला ते वेगळं विकता येणार नाही. पण रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाचा केंद्रीय कायदा, त्याखालच्या राज्याच्या २०१७ च्या नियमांनी ‘कव्हर्ड पार्किंग’ची व्याख्या केली. आदर्श करारात त्याच्या मोबदल्याची जागाही ठेवली. उघडं पार्किंग मात्र सामाईकच राहिलं. कॉस्ट शीटवरची पार्किंगची ओळ त्या व्याख्येवर उभी आहे. जागा इतकी अरुंद की गाडीचं दार उघडत नाही, अशा तक्रारी वाढल्यावर महारेराने, म्हणजे रेराखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारात लिहायला लावली. खांबांमधल्या जागेसाठी हे आवर्जून पाहावं.

रेरा कायदा २०१६ चा. त्यातली मुख्य कलमं १ मे २०१७ पासून लागू झाली. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठपेक्षा जास्त असल्या की प्रकल्पाची नोंदणी सक्तीची. कराराआधी घेता येणारी रक्कम २० वरून १० टक्क्यांवर आली. कार्पेटची व्याख्याही नवी झाली: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतःची बाल्कनी आणि गच्ची सोडायची.

मोफात बाल्कनी आत होती, रेरात ती बाहेर गेली आणि आतल्या भिंती आत आल्या. दोन बेडरूमच्या घरात आतल्या भिंतींची लांबी ५० फूट आणि प्लास्टरसह जाडी ५ इंच धरली तर साधारण २१ चौरस फूट होतात. ८,००० च्या दराने १ लाख ६८ हजार रुपये, तेही जिथे पाऊल ठेवता येत नाही त्या जागेचे. हे बेकायदा नाही, व्याख्याच तशी आहे. म्हणून जुन्या रीसेल घराशी तुलना करताना टेप घेऊन खोल्या मोजाव्यात आणि दोन्हींकडे भिंती सोडून, बाल्कनी वेगळी लिहून बेरीज करावी. करारातलं माप विटेपासून विटेपर्यंत की प्लास्टरनंतरचं, हेही विचारावं. १२ बाय १० च्या खोलीत अर्ध्या इंचाचं प्लास्टर चारी भिंतींवर चढलं की पावणेदोन चौरस फूट जातात. पाच खोल्यांत नऊएक. क्षेत्रातल्या फरकाला आदर्श करारात ३ टक्के मुभा आहे, म्हणजे ६२० फुटांच्या घरात साडेअठरा फूट. त्याहून कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत.

हप्त्यांचं वेळापत्रकही त्याच करारात आहे. करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब पडले की ७०, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या झाल्या की ७५, आणि मग टप्प्याटप्प्याने ९५. उरलेले भोगवटा प्रमाणपत्रासह ताब्याच्या वेळी. स्लॅब भराभर पडतात आणि नंतर काम रेंगाळतं, याचं एक कारण या आकड्यांतच आहे: सांगाडा उभा राहिला की ७० टक्के वसूल, आणि वेळखाऊ काम उरलेल्या ३० टक्क्यांत. ‘ताब्यापर्यंत ईएमआय नाही’ या योजनांत तर बँकेचे पैसे कामाच्या आधीच सुटत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये कर्जाचे हप्ते कामाच्या टप्प्यांना जोडायला सांगितलं, आणि राष्ट्रीय आवास बँकेने २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं.

या सगळ्या ओळी एकत्र धरतो तो जीएसटी. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम सुरू असलेल्या घराला ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घराला १ टक्का. त्यासाठी कार्पेट मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत (सुमारे ६४६ चौरस फूट), पुण्यात ९० पर्यंत, आणि किंमत ४५ लाखांपर्यंत हवी. कार्पेट रेराच्या व्याख्येचं, त्यामुळे बाल्कनी त्यात नाही. ५९ चौरस मीटरच्या घराला ऐसपैस बाल्कनी जोडलेली दिसते ती यामुळेच. पण ४५ लाखांत पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, पसंतीच्या मजल्याची आकारणी सगळं धरलं जातं. घर ४३.५० लाख आणि पार्किंग २ लाख असेल तर बेरीज ४५.५० लाख, कर २,२७,५००. तेच पार्किंग १.४० लाखाला ठरलं तर बेरीज ४४.९० लाख, कर ४४,९००. घासाघीस दरावर न करता पार्किंगच्या ओळीवर ६०,००० ची केली, तर इथे एकूण २,४२,६०० रुपये वाचतात.