पाळीव सशाचे वजन उतरवण्याचा आहार

लठ्ठ झालेल्या पाळीव सशाचे वजन हळूहळू कमी करण्यासाठी त्याच्या खाण्यात केलेला, दोन ते चार महिने चालणारा बदल. यात खाण्याचे प्रमाण तोडत नाहीत. धान्य, पेलेट (सशासाठी विकत मिळणाऱ्या तयार खाद्याच्या गोळ्या), फळे आणि घरचे वरचे खाणे काढून त्या जागी वाळलेले गवत आणतात. सशाला उपाशी ठेवून बारीक करता येत नाही. बारा तास पोटात काही गेले नाही तर आतड्यांची हालचाल मंदावते; लठ्ठ सशात त्याच वेळी अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि जिवावर बेतते.

ससा लठ्ठ आहे की नाही हे नुसत्या काट्यावरून कळत नाही, कारण जातीप्रमाणे वजन बदलते. बरगड्यांवरून बोटे हलकेच फिरवावीत. दाबल्याशिवाय बरगडी लागत नसेल तर चरबी जास्त आहे. प्रौढ मादीच्या गळ्याखालची झोळी स्वाभाविक असते, तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. पोट अचानक फुगले असेल तर गर्भ, गाठ किंवा वायू यांची शक्यता पशुवैद्याकडून आधी तपासून घ्यावी. शेपटीखाली चिकटलेली मऊ लेंडी ही आणखी एक खूण. ही लेंडी ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो व त्यातून जीवनसत्त्वे मिळवतो; पोट आडवे आले की तोंड तिथवर पोहोचत नाही. खाण्यात पिष्ट जास्त असले तरी ती न खाता मागे राहते.

बडोद्यातल्या मराठी घरांत सशाला पोळीचा तुकडा, भिजवलेले हरभरे, बिस्किट, केळे आणि गाजर सहज दिले जाते. यातले गाजर लोकांना निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात ते साखरेमुळे फळांच्याच रांगेत बसते. पण इथली खरी अडचण वेगळीच आहे. रस्त्याकडेला आणि देवळांजवळ गाईला घालण्यासाठी ज्या हिरव्या जुड्या मिळतात, त्या बहुधा रजक्याच्या, म्हणजे लसूणघासाच्या असतात. दिसायला चारा, म्हणून सशालाही तोच घातला जातो. लसूणघास हे गवत नव्हे, शेंगवर्गीय पीक आहे. वाळवल्यावर त्यात साधारण १५ ते २० टक्के प्रथिने आणि एक टक्क्याहून जास्त कॅल्शियम असते. ससा खाण्यातले कॅल्शियम गरजेपलीकडेही शोषतो आणि जास्तीचे लघवीवाटे टाकतो, म्हणून मूत्राशयात गाळ साठतो. सहा महिन्यांखालच्या पिल्लांना आणि गाभण मादीला रजको चालतो. लठ्ठ प्रौढाला नाही.

त्याऐवजी दाणा भरण्यापूर्वी कापलेले ओटचे वाळलेले गवत, हरळी (म्हणजेच दूर्वा) किंवा बाहेरून मागवलेले टिमोथी नावाचे गवत द्यावे. गव्हाचा भुसा पोट भरतो, पण पोषण फार थोडे देतो. मुख्य खाणे म्हणून तो पुरत नाही. हरळी उत्तम, मात्र फुलवाल्याकडच्या एकवीस दूर्वांच्या जुडीने सशाचे काहीच होत नाही, आणि कुंकू लागलेली तर देऊच नये.

बदल पेलेटपासून सुरू करावा. मूठ किंवा वाटी यांवर भरवसा न ठेवता आज देतो तेवढे पेलेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजावेत. दर आठवड्याला त्यातले पाव प्रमाण कमी करत किलोमागे १० ग्रॅमवर यावे. ससा गवत नीट खात असेल तर पुढे पूर्ण बंदही करता येतात. वरचे खाणे मात्र पहिल्याच दिवशी बंद. गवत चोवीस तास समोर हवे, रोज निदान सशाच्या आकाराचा ढीग. पालेभाजी किलोमागे दाबून भरलेला एक कप: कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, थोडी मेथी. पालक क्वचितच. नवी भाजी एका वेळी एकच, आणि लेंड्या मऊ पडल्या तर लगेच थांबवावी. कांदा, लसूण, बटाटा कधीच नाही.

गवत तोंडात घेऊन ससा ते टाकून देत असेल तर हट्ट समजू नये, दाढा तपासाव्यात. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. दाढांना टोके आली की गालाला जखमा होतात आणि तो पेलेटकडेच वळतो.

वजन आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, टोपलीत बसवून घ्यावे. आठवड्याला एक ते दोन टक्के घट योग्य. ३ किलोच्या सशात हे ३० ते ६० ग्रॅम होतात, म्हणजे अर्धा किलो उतरायला ८ ते १७ आठवडे. याहून वेगाने उतरले तर पेलेट थोडे वाढवावेत. लेंड्या लहान, कमी किंवा बंद झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना.

बडोद्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. उन्हाळ्यात ससे आधीच कमी खातात, तेव्हा कपात सुरू करू नये. दिवाळीनंतरचे महिने सोयीचे. पावसाळ्यात मागचा भाग रोज पाहावा, कारण घाण चिकटलेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडू शकतात. पाणी उघड्या वाडग्यात ठेवले की ससा जास्त पितो.

दोन ससे असतील तर गवत दोघांना सामायिक, पेलेट मात्र वेगळ्या खोलीत आणि डोळ्यांसमोर. वजन दोन-तीन आठवडे अडून राहिले, तर पेलेट आणखी घटवण्याआधी आजी-आजोबा किंवा मुले गुपचूप काय भरवतात ते विचारावे.