आफ्रिकन ग्रे, इग्वाना पाळताय? पुणेकरांसाठी परिवेश पोर्टलवरील नोंदणीची माहिती

घरात आफ्रिकन ग्रे पोपट, मकाव, इग्वाना किंवा बॉल पायथन असेल, तर त्याची नोंद वनखात्याकडे करावीच लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी तेव्हा या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आले. नोंदणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले. ज्यांच्याकडे आधीपासून प्राणी होते त्यांना दिलेली सहा महिन्यांची मुदत कधीच संपली. आता प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

कोणाला लागते, कोणाला नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळतो तो बऱ्याचदा बजरीगार हा छोटा पोपट असतो. तो आणि कॉकाटील साइट्सच्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना ही नोंदणी लागत नाही. खऱ्या लव्हबर्डच्या जाती मात्र, गुलाबी तोंडाची सोडली तर, यादीत आहेत. म्हणून बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्याच. दुकानदार कां-कू करायला लागला, तर तिथून खरेदी न केलेलीच बरी.

भारतातल्या देशी वन्यप्राण्यांना नोंदणीचा हा रस्ता बंद आहे. पिंजऱ्यातला मिठू असो की लक्ष्मी येते म्हणून ठेवलेलं स्टार कासव, दोघांनाही कायद्याचं संरक्षण आहे. ‘आजोबांच्या वेळेपासून घरात आहे’ हे कारण कागद म्हणून चालत नाही. असा प्राणी असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. परस्पर नदीकाठी सोडून देऊ नका.

मटणाचं काय?

वन्यप्राण्याचं मांस खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी सामान्य माणसाला परवाना मिळत नाही. मुळशी-वेल्ह्याकडे रानडुकरं पिकाची नासाडी करतात, तेव्हा कलम ११ खाली शिकारीची परवानगी मागता येते. पण मारलेलं जनावर कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता असतं, त्याचे वाटे घालता येत नाहीत. घोरपड तर थेट अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तिच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड आहे. हॉटेलात कोणी ‘स्पेशल’ म्हणून ताटात वाढलं, तरी हाच कायदा आड येतो.

अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो आणि त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. त्यामुळे सेनापती बापट रस्त्यावरच्या वनभवनात फाइल घेऊन गेलात, तरी तिथून पुन्हा पोर्टलकडेच पाठवतील. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, प्राण्याचे स्पष्ट फोटो, लिंग, अंदाजे वय, अंगावरच्या खुणा आणि पायातल्या कडीचा किंवा मायक्रोचिपचा नंबर तयार ठेवा. शुल्काची रक्कम भरण्याआधी पोर्टलवर बघून घ्या.

खरा कस लागतो तो प्राणी कुठून आला हे दाखवताना. आयात केलेला असेल तर आयात परवाना आणि साइट्सचा परवाना लागतो. इथेच जन्मलेला असेल तर त्याच्या आईबापांची नोंद आणि तुमच्या नावाचं खरेदीचं बिल हवं. नुसती कच्ची पावती किंवा व्हॉट्सअॅपवरचं बोलणं फारसं कामाला येत नाही. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो दगावला, तर तेही त्याच पोर्टलवर कळवावं लागतं.