घासलेली हेडलाईट पुन्हा पिवळी का पडते?

इंदुरात राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, कुठेही संध्याकाळी फेरी मारली की दारादारांत उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांच्या हेडलाईटच्या काचा पिवळट, धुरकट झालेल्या दिसतात. कुणीतरी पत्ता देतं, तिथे नेऊन तासाभरात काच घासून लख्ख करून आणली जाते. आणि वर्ष उलटायच्या आत ती पुन्हा पिवळी! मग बोलणी घासणाऱ्याला बसतात. त्याने बहुधा चांगलंच घासलेलं असतं. राहिलेलं असतं ते घासल्यानंतरचं काम.

आपण काच म्हणतो खरं, पण ती काच नव्हे. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीचे गोल दिवे खऱ्या काचेचे होते, म्हणून ते फुटायचे, पण पिवळे पडत नसत. आताच्या हेडलाईटवर पॉलिकार्बोनेट असतं. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीतले हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधले डॅनियल फॉक्स या दोघांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. दगड उडून लागला तरी सहसा फुटत नाही, हव्या त्या आकारात ओतता येतं, दिव्याची उष्णता सोसतं. त्याला सोसत नाहीत ती उन्हातली अतिनील किरणं.

ही किरणं पडली की पॉलिकार्बोनेटच्या लांबलचक रेणूंमधले दुवे तुटतात. तुटलेले तुकडे वेगळ्याच जागी जोडले जातात, काहींशी हवेतला ऑक्सिजन संयोग पावतो. यातून जे नवे पदार्थ तयार होतात ते निळा-जांभळा प्रकाश गिळतात, म्हणून आपल्याला पिवळेपणा दिसतो. गंमत अशी की हेच पदार्थ अतिनील किरणंही शोषून घेतात, त्यामुळे बिघाड पृष्ठभागापाशीच अडून राहतो. तीन मिलिमीटर जाडीच्या काचेचा अगदी वरचा, केसाच्या जाडीइतकासुद्धा नसलेला थर खराब होतो आणि खालचा माल शाबूत असतो. घासून काच स्वच्छ होते ती म्हणूनच.

इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. जूनच्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे अक्षरशः डोक्यावर येतो. झाडाखाली गाडी लावली म्हणून सुटका होत नाही, कारण अतिनील किरणांचा मोठा वाटा मोकळ्या आभाळातून विखरून येतो. छप्पर किंवा कव्हरच हवं.

कारखान्यात या काचेवर एक कडक पारदर्शक लेप दिलेला असतो. त्यात अतिनील किरणं शोषणारी रसायनं असतात. त्यांच्या रेणूत किरण पडताच हायड्रोजनचा एक अणू जागा बदलतो, परत मूळ जागी येतो आणि किरणाची ऊर्जा निव्वळ उष्णता होऊन निघून जाते. पण ही रसायनंही वर्षानुवर्षं झिजतात, लेप सोलू लागतो आणि खालचं प्लास्टिक उघडं पडतं. पॉलिश पेपरने घासताना हा उरलासुरला लेप पूर्ण निघतो. म्हणजे नुकतीच घासलेली, डोळ्यांना सुंदर दिसणारी काच ही तिच्या आयुष्यातली सर्वांत असुरक्षित काच असते. हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, आणि ते सांगायला हवं.

मग वर लावायचं काय? इथे जाडीचा हिशेब महत्त्वाचा. समजा एखादा ४० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) थर ९० टक्के किरणं अडवतो. त्याच मालाचा ८० मायक्रॉनचा थर ९९ टक्के अडवेल. आणि ४ मायक्रॉनचा? जेमतेम २० टक्के. लोणच्यावर तेल नुसतं पुसून चालत नाही, चांगलं वर यावं लागतं, तसंच हे. गाडीचं मेण मायक्रॉनभर बसलं तरी खूप, आणि चार धुण्यांत उतरतं. सिरॅमिक कोटिंगने पाणी आणि धूळ झटकन निघते, हा फायदा खरा. पण त्यातली सिलिका अतिनील किरणांना बहुतांशी वाट देते आणि हा थर असतोही फार पातळ. टूथपेस्ट म्हणजे बारीक घासणंच, संरक्षण शून्य.

वाफ देऊन काच चमकवण्याची पद्धत तर मला धोक्याचीच वाटते. तापवलेल्या कपातून येणारी ती वाफ बहुधा डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्मची असते. तिने वरचं प्लास्टिक विरघळून ओरखडे बुजतात, पण संरक्षक असं काही मागे उरत नाही. वर हुंगणाऱ्याच्या यकृताला आणि मज्जासंस्थेला त्रास.

टिकाऊ उपाय म्हणजे हार्डनर (घट्ट करणारं रसायन) मिसळून मारायचा टू-के, म्हणजे दोन घटकांचा, पारदर्शक क्लिअर कोट, ज्यात अतिनील-शोषक असतो. घासताना पेपर पाण्यात भिजवून ८०० नंबरपासून वर चढत जायचं. शेवटी काच दुधाळ, मॅट दिसते आणि मालक घाबरतो. त्यावर थोडं पाणी ओतून पाहा: क्षणात आरपार दिसतं, वाळलं की पुन्हा दुधाळ. बारीक ओरखड्यांत हवा असते तेव्हा प्रकाश विखुरतो, पाणी भरलं की विखुरणं कमी होतं. क्लिअर कोट हेच काम कायमचं करतो. म्हणून कोट द्यायचा असेल तर आधी पॉलिश मारून गुळगुळीत करू नये, कोटला पकड मिळत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, बोट लावू नये. पावसाळ्यात हे काम टाळा, दमट हवेत कोट धुरकट होतो. मे महिन्यातल्या धुळीच्या वाऱ्यातही नको. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

एवढी खटपट का, तर अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनच्या २०१८ च्या चाचणीत खराब झालेल्या हेडलाईटचा उजेड नव्याच्या जेमतेम २० टक्के भरला, आणि दुरुस्तीनंतर सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. रात्री भेरूघाटाच्या वळणांवर हा फरक जिवाशी असतो. काचेच्या आत खोलवर तडे गेले असतील तर मात्र घासत बसू नका, नवीच बसवा.

टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा फुप्फुसांना फार वाईट. साध्या कापडी मास्कने तो अडत नाही, म्हणून घरच्या अंगणात पोरंबाळं असताना हा उद्योग नकोच. चांगल्या पेंटरकडे बंपरचं काम चालू असेल त्या दिवशी हेडलाईट खोलून द्या. हार्डनर मिसळलेला माल काही तासांत घट्ट होऊन वायाच जाणार असतो, त्यातून दोन काचा सहज निघतात. फवारा नकोच असेल तर पीपीएफची (पेंट प्रोटेक्शन फिल्म, गाडीचा रंग जपायला वापरतात ती) पारदर्शक फिल्म चिकटवून घ्या. ती दीड-दोनशे मायक्रॉन जाड असते, बारीक खडेही झेलते, आणि पिवळी पडली की सोलून दुसरी लावता येते. घेताना अतिनील संरक्षणाचा उल्लेख आणि वॉरंटी तेवढी पाहून घ्या.