मशीन ओढत नाही? आधी भुसा बघा

चेनसॉ वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

पाऊस उघडला की दुकानात चेनसॉ येऊ लागतात आणि तक्रार ठरलेली असते: "चालू होतंय, पण दमच नाही. पिस्टन गेला वाटतं." आम्ही मशीन हातात घेतो आणि पहिल्यांदा चेनवर अंगठा फिरवतो. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं. तेवढ्यासाठी तुमची एसटीची फेरी आणि एक मजुरी वाया जाऊ नये, म्हणून हे पत्रक.

लाकूड कापताना खाली काय पडतंय ते बघा. कपच्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल, मशीन दाबून धरावं लागत असेल, काप एका बाजूला वळत असेल किंवा धूर निघत असेल, तर चेन बोथट आहे. इंजिन बिचारं काम करतंय, दात लाकूड खात नाहीत. खोड जमिनीवर ठेवून कापताना चेन एकदा मातीला लागली तरी धार जाते. माड आणि जून साग तर धार लवकर खातात.

धार घरी लावता येते. आधी मशीन बंद करा, प्लगची टोपी काढा, हातमोजे घाला. गोल कानस चेनच्या मापाची हवी: ३/८ इंच लो-प्रोफाइल चेनला ४ मिमी, .३२५ इंचाच्या चेनला ४.८ मिमी. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने फिरवायची. मागेपुढे घासू नका. प्रत्येक दाताला सारखेच हात द्या. आणि दातापुढचा छोटा उंचवटा विसरू नका. दात झिजत जातो, हा तसाच राहतो, आणि मग धार असूनही चेन लाकडात शिरत नाही. तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. फार घासलात तर उलटं होतं: चेन मोठा घास घेते, इंजिन दबून बंद पडतं आणि मशीन हाताला हिसके देतं.

नवी चेन टाकल्यावर काहीच कापत नसेल तर ती उलटी बसली नाही ना, ते बघा. हसू नका, जुन्याजाणत्यांच्या हातूनही हे झालंय.

मग ब्रेक सोडून, हातमोजे घालून चेन हाताने ओढा. ती बारला (चेन ज्यावरून फिरते त्या लांब पट्टीला) खालून टेकलेली असावी आणि तरी सहज फिरावी. जड फिरत असेल तर ती जास्त ताणलेली आहे, बारची खाच दबली आहे, बारच्या टोकाची चकती अडकली आहे किंवा ब्रेक पूर्ण सुटत नाही. चेनला ऑइल पोचतंय का, तेही बघा: बारचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस करा, ऑइलचे शिंतोडे उमटले पाहिजेत. जळकं इंजिन ऑइल इथे वापरू नका, त्यातल्या गाळाने भोकं बुजतात. ४५ सीसीच्या मशीनला २२ इंची बार लावलात तर दम कमी वाटणारच, ते दुरुस्तीचं काम नाही.

चेन चांगली असूनही दम नसेल, तर कान द्या. इंजिन जोरात ओरडतंय आणि चेन लाकडात थांबते? मग क्लच घसरतोय, मशीन आमच्याकडे आणा. रेस देताच इंजिन गुदमरतंय? मग हवा आणि पेट्रोलकडे वळा. चोक ओढलेला राहिला नाही ना, हे पहिलं. एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवूनच लावा. फिल्टर काढून मशीन चालवलं तर भुसा थेट सिलिंडरमध्ये जातो.

पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. आपल्या दमट हवेत पावसाळाभर कॅनमध्ये राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टाकीतली नळी ओढते ती तळातूनच. म्हणून पेट्रोल आणि टू-टी ऑइलचं मिश्रण महिनाभर पुरेल एवढंच करा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली टू-टी ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिली. तुमच्या मशीनचं प्रमाण पुस्तिकेत बघा. "थोडं जास्त ऑइल म्हणजे इंजिनला बरं" हा समज सोडा. जास्तीचं ऑइल काजळी होऊन सायलेन्सरच्या जाळीत बसतं, आणि मग मशीन संथ चालतं पण रेस घेत नाही. जाळी थंड झाल्यावर काढून तारेच्या ब्रशने साफ करा.

थोडा वेळ चालून दम सुटत असेल तर टाकीचं झाकण जरा सैल करून बघा. त्याने फरक पडला तर टाकीचा हवेचा मार्ग बुजलाय. पेट्रोल सांडू नये म्हणून झाकण मशीन बंद करून, थंड झाल्यावरच सैल करा आणि पुन्हा घट्ट लावून मग चालवून बघा.

प्लगची फट ०.५ मिमी असावी. टोक तपकिरी दिसलं तर ठीक, काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय. पांढरं दिसलं तर मशीन तिथेच थांबवा: हवा जास्त आणि पेट्रोल कमी जातंय, अशाने पिस्टन चिकटतो.

याच कारणाने कार्ब्युरेटरच्या 'एच' स्क्रूला (जोरात चालताना पेट्रोल किती जायचं ते ठरवणाऱ्या) हात लावू नका. तो आवळला की मशीन छान ओरडतं, दम आल्यासारखं वाटतं, आणि ऑइल कमी पडून सिलिंडर ओरखडतो. मग दोनशेचं काम हजारांवर जातं.

एवढं करूनही फरक नसेल तर मशीन आणा. येताना बार आणि चेन आहे त्या स्थितीत आणा, नवी धार लावून नको. मिश्रणाची बाटलीही सोबत असू द्या. चेननंतर आम्ही तीच बघतो.