'विरघळवता येतो' या दिलाशामागचा इतिहास : चेहऱ्यावरच्या फिलरची पार्श्वभूमी

इंदूरमध्ये पलासिया, विजयनगरकडच्या क्लिनिकांत ओठ भरणे, नाकाचा उंचवटा सरळ दाखवणे, डोळ्यांखालचे खळगे भरणे ही कामे फिलरने, म्हणजे कातडीखाली टोचायच्या भरावाने, आता जेवणाच्या सुट्टीत उरकली जातात. लग्न ठरलेल्या मुलीची आई धोक्याबद्दल विचारते तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: आवडलं नाही तर विरघळवून टाकू. हे उत्तर अर्धेच खरे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चेहऱ्यात पॅरॅफिन टोचत. त्याच्या गाठी होत. पुढे द्रवरूप सिलिकॉन आले, ते वर्षांनंतरही त्रास देई आणि काढायचे तर सुरीच लागे. 1981 मध्ये अमेरिकेत गाईच्या कातड्यापासून केलेल्या कोलॅजनला मान्यता मिळाली. त्यासाठी आधी हातावर चाचणी घेऊन सुमारे महिनाभर थांबावे लागे, आणि टोचलेले काही महिन्यांतच जिरे. 2003 च्या अखेरीस तिथेच हायल्युरॉनिक आम्लाचा जेल मान्य झाला आणि चित्र पालटले. हे आम्ल शरीरात असतेच, त्यामुळे आधीच्या चाचणीची गरज उरली नाही. शिवाय हायल्युरोनिडेज या एन्झाइमने ते विरघळते. 'परत फिरवता येणारा उपचार' ही ख्याती तेव्हापासूनची.

ओठ जास्त फुगला किंवा डोळ्याखाली निळसर उंचवटा दिसू लागला, तर ही ख्याती खरी ठरते. दोन आठवड्यांनी एन्झाइम दिले तरी चालते. जेल धमनीत शिरला, तर मात्र हिशेब तासांचा असतो. एन्झाइम जेल विरघळवते, मेलेली कातडी जिवंत करत नाही. भुवयांमधली जागा, नाक आणि नाकाशेजारची घडी इथे धोका सर्वाधिक, कारण तिथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या आहेत. सिरिंजच्या पिस्टनवर जोर पडला की जेल रक्ताच्या उलट दिशेने मागे ढकलला जातो, आणि जोर सुटला की प्रवाहाबरोबर दृष्टिपटलापर्यंत पोचू शकतो. दृष्टिपटल रक्ताविना दीड तासही धड तग धरत नाही. आधी पिस्टन मागे ओढून रक्त येते का ते पाहणे ही चांगली सवय आहे, पण रक्त आले नाही म्हणून सुई धमनीबाहेरच आहे असे होत नाही. सुईऐवजी बोथट टोकाच्या 25 गेज जाडीच्या कॅन्युलाने (पोकळ नळीने) धोका कमी होतो, संपत नाही.

घोळ होतो तो पहिल्या दिवशी. धमनी तुंबली की कातडी एकदम पांढरी पडते, मग जाळीदार जांभळट डाग उमटतात. दुखणे असतेच असे नाही, बऱ्याच जेलमध्ये भुलेचे औषध मिसळलेलेच असते. याला काळेनिळे पडणे समजून बर्फ लावायला सांगतात आणि रुग्ण घरी जातो. इथे बर्फ घातक, कारण त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. तपासणी अगदी सोपी आहे: बोटाने दाबून सोडायचे, दोन सेकंदांत लाली परतली नाही तर संशय धरायचा. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पुटकुळ्या येतात, त्यांना मुरुमे समजले की उरलासुरला वेळही जातो.

एन्झाइम किती द्यायचे, यावर बरीच वर्षे एकमत नव्हते. सुरुवातीला आकार सुधारण्याच्या मात्राच वापरत, म्हणजे शंभराच्या आतली युनिट. मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असलेल्यांना याचीही ॲलर्जी होऊ शकते, म्हणून आधी चाचणी हवी असा आग्रह होता. 2017 मध्ये मांडलेल्या पद्धतीने हा गुंता सोडवला: बाधित भाग एक असेल तर 500 युनिट, दोन असतील तर 1000, तीन असतील तर 1500, आणि लाली परतेपर्यंत दर तासाला पुन्हा. धमनीत टोचायची गरज नाही, पूर्ण भागात पसरवून चोळले की औषध भिंतीतून आत शिरते. तातडीत चाचणीसाठी थांबायचे नाही, ॲलर्जीवरचे ॲड्रेनॅलिन मात्र हाताशी हवे. आमच्या मते या वादाचा निकाल लागलेला आहे. आपल्याकडे 1500 युनिटची कुपी मिळते. ती 3 मिलिलिटर सलाइनमध्ये विरघळवली की दर मिलिलिटरला 500 युनिट. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत भूल देताना हेच औषध वापरतात, तेव्हा इंदूरसारख्या शहरात ते दुर्मिळ नाही. तरी एखाद्या क्लिनिकात ते फ्रिजमध्ये नसेल, तर तिथे फिलर टोचून घेऊ नये. एकच कुपी पुरत नाही, चार-पाच हव्यात. नजर अचानक अंधुक झाली तर टोचणे तिथेच थांबवून, वेळ नोंदवून, थेट नेत्रशल्यचिकित्सकाकडे धाव घ्यायची. डोळ्यामागे एन्झाइम टोचून दृष्टी परत येते का, यावर मात्र तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत.

सुरकुत्यांसाठी स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी. त्याला उतारा नाही, पण पापणी लोंबली तरी ती काही आठवड्यांत सावरते. दोन्ही एकाच बैठकीत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

नंतरची भर सुईविना दाबाने जेल आत ढकलणाऱ्या पेनांची. 2021 च्या ऑक्टोबरात अमेरिकी नियामकांनी त्यांविरुद्ध इशारा दिला. ऑनलाइन मागवलेल्या अशा पेनाने पार्लरमध्ये ओठ भरले, तर आत काय आणि किती खोल गेले हे कोणालाच कळत नाही. चांगल्या फिलरच्या खोक्यात लॉट नंबरचे स्टिकर येते. ते रुग्णाच्या कागदावर चिकटवून, टोचलेल्या जागा आणि प्रत्येक जागी किती मिलिलिटर हे लिहून घ्यावे, कारण रात्री अकरा वाजता दुसऱ्या डॉक्टरकडे जावे लागले तर त्याचा पहिला प्रश्न तोच असतो: यात हायल्युरॉनिक आम्लच होते ना?